घरी सीएनसी राउटर बनवताय? आधी ठरवा – बेल्ट, स्क्रू की रॅक?



मागच्या व्हिडिओत आपण सीएनसी राउटरवर कोणकोणती कामं मिळतात ते बघितलं. नेमप्लेट, जाळी, देव्हाऱ्याची पाठ, मखर, किचनच्या दारावरचं डिझाइन, ॲक्रिलिकची अक्षरं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच: "सर, मशीन मी स्वतः बनवतोय, पण मोटरपासून पुढे गॅन्ट्री हलवायला काय लावू? बेल्ट, स्क्रू की रॅक?"

प्रश्न टेक्निकल वाटतो, पण तो खरं तर धंद्याचा आहे. ड्राइव्ह चुकला की मशीन चालत नाही असं नाही. मशीन चालतं, पण तुम्ही घेतलेली ऑर्डर वेळेत पूर्ण होत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, स्वतःचे पैसे घालवून शिकलोय. म्हणून आधी ती गोष्ट, मग हिशोब.

माझी पहिली चूक

माझं पहिलं मशीन मी हार्डवेअरच्या दुकानातल्या आटेवाल्या रॉडवर बनवलं. दहा एमएमचा थ्रेडेड रॉड, त्यावर साधा नट, एका टोकाला मोटर. रॉड मीटरवर मिळतो, स्वस्त असतो, आणि यूट्यूबवर तेव्हा सगळे तेच दाखवायचे. मशीन हललं, पेन लावून गणपती काढला, घरचे खूश. मला वाटलं झालं काम.

गणपतीच्या आधी एका फर्निचरवाल्यांकडून ४० जाळ्यांची ऑर्डर मिळाली. १२ मिमी एमडीएफ, दोन फूट बाय दीड फूट. मी ॲडव्हान्स घेतला आणि पहिली जाळी लावली. दीड तास झाला तरी जाळी चालूच! कडा काळ्या पडल्या, वर्कशॉपभर जळका वास. दहा जाळ्या होईपर्यंत दोन बिट गेले. पुढे नट झिजला आणि जाळीतली गोल भोकं अंड्यासारखी दिसायला लागली. १३ जाळ्या झाल्यावर मी हात टेकले. ॲडव्हान्स परत केला, आणि त्या माणसाकडून पुन्हा कधी फोन आला नाही.

तेव्हा मी मोटरला दोष दिला, मग बिटला, मग एमडीएफला. दोष कशाचा होता ते नंतर कागदावर हिशोब मांडला तेव्हा कळलं. तोच हिशोब आज तुम्हाला देतोय. वही-पेन घ्या.

पायरी १ : कामाला वेग किती लागतो ते काढा

बहुतेक लोक आधी मोटर घेतात, मग ड्राइव्ह, आणि शेवटी विचारतात "याच्यावर काय काय होईल?" हे उलटं आहे. सुरुवात बिटच्या टोकापासून करायची.

राउटरचा बिट फिरताना प्रत्येक धारेने लाकडाचा एक छोटा काप काढायला हवा. हा काप ठरावीक जाडीचा असला तर बिट कापतो आणि उष्णता भुशाबरोबर बाहेर जाते. काप फारच पातळ झाला तर बिट कापत नाही, नुसता घासतो. घासला की तापतो, तापला की लाकूड जळतं आणि धार जाते.

हिशोब सोपा आहे:

वेग (मिमी प्रति मिनिट) = स्पिंडलच्या फेऱ्या × बिटच्या धारा × एका धारेचा काप

उदाहरण: १८,००० फेऱ्या, दोन धारांचा ६ मिमीचा बिट, एका धारेला ०.१ मिमी काप.
१८,००० × २ × ०.१ = ३,६०० मिमी प्रति मिनिट.

म्हणजे लाकूड-एमडीएफच्या कामाला मिनिटाला तीन-साडेतीन मीटरचा वेग हवा. आता माझ्या पहिल्या मशीनचं बघा. दहा एमएमच्या थ्रेडेड रॉडचा पिच दीड मिमी. मोटर एक फेरी फिरली की गॅन्ट्री फक्त दीड मिमी पुढे. ३,६०० मिमी वेगासाठी मोटर मिनिटाला २,४०० फेऱ्या फिरायला हवी. स्टेपर मोटर तिथे पोहोचेपर्यंत तिचा दम निघून गेलेला असतो. मी मशीन ६०० मिमी प्रति मिनिटाने चालवत होतो, तेही ३०,००० फेऱ्यांच्या हातातल्या ट्रिमरवर. एका धारेचा काप किती आला? ६०० भागिले ६०,०००, म्हणजे ०.०१ मिमी. साध्या कागदाच्या जाडीचा दहावा भाग! लाकूड जळणार नाही तर काय होणार?

हे एक गणित मी आधी केलं असतं, तर ती ऑर्डर घेतलीच नसती. किंवा मशीन वेगळं बनवलं असतं.

पायरी २ : मोटरची एक फेरी म्हणजे किती मिमी?

ड्राइव्ह निवडताना सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. स्क्रूच्या बाबतीत याला लीड म्हणतात. इथे एक गोंधळ होतो, तो आधीच दूर करू. पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर आणि लीड म्हणजे एका फेरीत नट किती सरकतो ते. थ्री-डी प्रिंटरमध्ये येणाऱ्या टी८ लीड स्क्रूचा पिच २ मिमी असतो, पण त्यावर चार आटे एकत्र चालतात, म्हणून लीड ८ मिमी. त्याच दिसण्याचा एका आट्याचा, २ मिमी लीडचा स्क्रूही मिळतो. दुकानात "आठचा स्क्रू द्या" एवढंच म्हणालात तर कुठला हातात पडेल सांगता येत नाही. लीड विचारूनच घ्या.

स्टेपर मोटर मिनिटाला साधारण ६०० फेऱ्यांपर्यंत बऱ्यापैकी जोर देते असं धरून चालू. वेग वाढला की स्टेपरचा जोर कमी होतो, आणि कमी व्होल्टेजवर तो अजून लवकर उतरतो. म्हणून २४ व्होल्टऐवजी ३६ किंवा ४८ व्होल्टचा सप्लाय बरा पडतो. मात्र तुमचा ड्रायव्हर किती व्होल्ट सहन करतो ते आधी बघा.

६०० फेऱ्यांवर कोण किती पळतं ते बघा:

• १० मिमी थ्रेडेड रॉड (लीड १.५) : ९०० मिमी प्रति मिनिट
• टी८ लीड स्क्रू (लीड ८) : ४,८०० मिमी
• १६०५ बॉल स्क्रू (लीड ५) : ३,००० मिमी
• १६१० बॉल स्क्रू (लीड १०) : ६,००० मिमी
• जीटी२ बेल्ट, २० दातांची पुली (फेरीला ४० मिमी) : २४,००० मिमी
• मॉड्यूल १ रॅक, २० दातांचं पिनियन, मोटरला थेट (फेरीला ६२.८ मिमी) : ३७,७०० मिमी
• तेच रॅक, मध्ये १:५ रिडक्शन (फेरीला १२.६ मिमी) : ७,५०० मिमी

१६०५ हे नाव कसं वाचायचं? पहिले दोन आकडे व्यास, पुढचे दोन लीड. १६ मिमी जाड, ५ मिमी लीड. तसंच १२०४ म्हणजे १२ मिमी जाड, ४ मिमी लीड.

पायरी ३ : जोर किती मिळतो?

वरची यादी बघून कोणी म्हणेल, "मग बेल्टच लावतो, सगळ्यात स्वस्त आणि वेगवान!" थांबा. सायकलचा गिअर आठवा. वेगाच्या गिअरवर चढ चढत नाही. इथेही तसंच आहे: एका फेरीत जास्त अंतर म्हणजे जोर कमी.

जोर (किलो) = ६.२८ × मोटरचा टॉर्क (किलो-सेंमी) × कार्यक्षमता ÷ लीड (सेंमी)

बाजारात मिळणाऱ्या साधारण १९ किलो-सेंमीच्या नेमा २३ मोटरचं उदाहरण घेऊ. तो १९ चा आकडा मोटर जागेवर उभी असतानाचा आहे, त्याला होल्डिंग टॉर्क म्हणतात. फिरताना तेवढा मिळत नाही. आपण सुरक्षित म्हणून १० धरू.

• थ्रेडेड रॉड : सुमारे ८४ किलो (बराचसा टॉर्क घर्षणात जातो, कार्यक्षमता २० टक्के धरली)
• टी८, लीड ८ : सुमारे ३५ किलो (कार्यक्षमता ४५ टक्के धरली)
• १६०५ बॉल स्क्रू : सुमारे ११३ किलो (कार्यक्षमता ९० टक्के)
• १६१० बॉल स्क्रू : सुमारे ५६ किलो
• जीटी२ बेल्ट : सुमारे १५ किलो
• रॅक, थेट : सुमारे ९ किलो
• रॅक, १:५ रिडक्शनने : सुमारे ४५ किलो

हा जोर फक्त लाकूड कापायला नाही. गॅन्ट्रीचं वजन पळवायला, थांबवायला आणि वळवायलाही तोच लागतो. जाळीमध्ये दर दोन-तीन सेंटिमीटरवर वळण असतं. जोर कमी पडला की स्टेपर पावलं चुकते. मशीनला ते कळत नाही, ते पुढे कापत राहतं आणि तुमची शीट वाया जाते.

आता एकेक ड्राइव्ह बघू.

बेल्ट

फायदे: स्वस्त, हलका, आवाज नाही, लांबी कितीही, बसवायला सोपा, तेल-ग्रीस नको. दातांची पकड नीट असेल आणि ताण बरोबर असेल तर बॅकलॅशही जवळजवळ नाही.

अडचण एकच पण मोठी: बेल्ट ताणतो. बिटवर दाब आला की तो रबरासारखा किंचित लांबतो, दाब गेला की परत येतो. जितका लांब बेल्ट तितका जास्त ताण. थ्री-डी प्रिंटर, लेझर, पेन, फोम आणि बाल्सा लाकूड यांना बिटचा दाब नसतो किंवा अगदी कमी असतो, तिथे बेल्ट उत्तम. शिसम किंवा सागवानात ६ मिमीचा बिट घालायचा असेल तर ६ मिमी रुंदीचा जीटी२ बेल्ट तुम्हाला रडवेल. बेल्टच हवा असेल तर निदान रुंद आणि मोठ्या दातांचा घ्या, हलका काप घ्या, आणि ग्राहकाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाचं वचन देऊ नका.

थ्रेडेड रॉड

माझी गोष्ट वाचलीत. हा रॉड वस्तू आवळण्यासाठी बनवलेला असतो, हालचालीसाठी नाही. शिकायला, पहिलं खेळण्यातलं मशीन बनवायला ठीक. ग्राहकाकडून पैसे घेऊन काम करायचं असेल तर नको.

लीड स्क्रू

टी८ सारखे लीड स्क्रू खास हालचालीसाठी बनवलेले असतात. आटे रुंद असतात, नट पितळेचा किंवा पीओएम प्लास्टिकचा. नट आणि स्क्रूमध्ये थोडी मोकळीक असतेच, आपल्याकडचे लेथवाले त्याला "प्ले" म्हणतात. ती काढायला स्प्रिंगवाला अँटी-बॅकलॅश नट मिळतो. तोच घ्या आणि एक जादा आणून ठेवा, कारण नट झिजणारच. नट झिजला तर बदलता येतो, स्क्रू झिजला तर खर्च वाढतो.

टी८ फक्त ८ मिमी जाड आहे हे विसरू नका. अर्धा-पाऊण मीटरच्या पुढे तो वाकतो आणि फिरताना दोरीच्या उडीसारखा झुलतो. एक-दीड फुटाच्या मशीनपर्यंत टी८ चांगला. नेमप्लेट, पेंडंट, ॲक्रिलिकच्या किचेन, छोटे साचे अशा कामावर कित्येक जण घरबसल्या धंदा करतात.

बॉल स्क्रू

इथे नट आणि स्क्रूमध्ये घर्षण नाही, गोळ्या फिरतात. त्यामुळे सुमारे ९० टक्के टॉर्क कामाला येतो, झीज कमी, प्ले अगदी थोडा. दुकानात सहज मिळणारे स्क्रू रोल केलेले, सी७ ग्रेडचे असतात. ३०० मिमी लांबीत साधारण ०.०५ मिमीपर्यंतचा फरक त्यांत चालतो. लाकडाच्या कामाला हे भरपूर झालं. यापेक्षा महाग ग्राइंड केलेले स्क्रू आपल्याला नकोत.

बॉल स्क्रू घेताना चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, टोकं मशीनिंग केलेली घ्या. १६ मिमी स्क्रूला मोटरच्या बाजूला बीके१२ आणि दुसऱ्या बाजूला बीएफ१२ ब्लॉक लागतो. बीके बाजू स्क्रूला पुढे-मागे हलू देत नाही, बीएफ बाजू फक्त आधार देते. पैसे वाचवायला बीकेच्या जागी साधं बेअरिंग लावलंत तर स्क्रू कितीही चांगला असो, प्ले येणार.

दोन, नट स्क्रूवरून काढू नका. गोळ्या जमिनीवर पळतात आणि परत भरताना डोळ्यांत पाणी येतं. काढावाच लागला तर स्क्रूच्या आतल्या व्यासाएवढा पाइप टोकाला टेकवून नट त्यावर सरकवायचा.

तीन, भुसा. एमडीएफची बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिची घासपेस्ट होते. स्क्रू टेबलाच्या खाली किंवा पत्र्याच्या आडोशाला ठेवा.

चार, झेड ॲक्सिस. बॉल स्क्रू इतका मोकळा फिरतो की वीज गेल्यावर स्पिंडलच्या वजनाने तो स्वतःच खाली येऊ शकतो. बिट थेट शीटमध्ये, किंवा तुमच्या हातावर! आपल्याकडे लाइट जाते हे गृहीतच धरा. ब्रेकवाली मोटर, वजन तोलणारी स्प्रिंग किंवा झेडला कमी लीडचा स्क्रू, यातलं काहीतरी करा.

लांबीचा सापळा

माझ्याकडे शिकायला आलेल्या एकाने आठ बाय चार फुटांची पूर्ण शीट बसेल असं मशीन बनवलं. लांब बाजूला अडीच मीटरचे दोन १६०५ बॉल स्क्रू. "सर, बॉल स्क्रू सगळ्यात भारी ना?" भारी, पण तिथे नाही. मशीन जरा वेगात पळवलं की स्क्रू मध्यभागी झुलायला लागायचा, आख्खी फ्रेम थरथरायची.

प्रत्येक फिरत्या स्क्रूला एक मर्यादा असते. त्या वेगाच्या वर तो झुलतो. ही मर्यादा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. लांबी दुप्पट झाली की मर्यादा चौथ्या हिश्शावर येते. एक बाजू पक्की आणि एक आधाराची धरून, १६ मिमी बॉल स्क्रूचा हिशोब साधारण असा येतो:

• ६०० मिमी लांबी : ५,००० फेऱ्यांच्या वर, म्हणजे काळजी नाही
• १,३०० मिमी : सुमारे १,१५० फेऱ्या, १६०५ वर ५,७५० मिमी प्रति मिनिट, अजूनही ठीक
• २,५०० मिमी : सुमारे ३१५ फेऱ्या, १६०५ वर जेमतेम १,५७५ मिमी प्रति मिनिट

पायरी १ मध्ये आपल्याला ३,६०० हवे होते. म्हणजे महागडा स्क्रू लावूनही लाकूड जळणार! १६१० लावला तरी ३,१५० च्या आसपास. २५ मिमी जाड स्क्रू घेतला तर मर्यादा वाढते, पण स्क्रूचं वजनही वाढतं आणि मोटरचा बराच जोर तो जड स्क्रू फिरवण्यात जातो.

त्या पोराने शेवटी लांब बाजूचे स्क्रू काढले आणि रॅक बसवले. स्क्रू कापून टोकं परत मशीनिंग करून घेतली आणि आडव्या बाजूला वापरले, म्हणून सगळा पैसा बुडाला नाही. पण अडीच महिने गेले.

रॅक आणि पिनियन

लांब मशीनचा हा राजा. रॅक तुकड्यातुकड्याने जोडत कितीही लांब नेता येतो, झुलण्याचा प्रश्न नाही, वेगही भरपूर. मोठ्या फर्निचर वर्कशॉपमधल्या आठ बाय चारच्या बहुतेक मशीनवर तुम्हाला रॅकच दिसेल.

दोन पथ्यं. मोटरला पिनियन थेट लावू नका. वर बघितलंत, जोर ९ किलो. शिवाय ड्रायव्हरवर फेरीला १,६०० पावलं ठेवली तरी एक पाऊल जवळजवळ ०.०४ मिमीचं पडतं. मध्ये १:५ च्या आसपास बेल्टचं किंवा प्लॅनेटरी गिअरचं रिडक्शन घाला. मग एक पाऊल ०.००८ मिमीवर येतं आणि जोर पाचपट. दुसरं, पिनियन रॅकवर स्प्रिंगने दाबून ठेवा किंवा दाब कमीजास्त करता येईल अशी प्लेट करा. फट राहिली की प्ले, फार आवळलं की दात खाल्ले जातात.

रॅकचे दोन तुकडे जोडताना सांध्यावर तिसरा तुकडा उलटा दाबून, दात बसवून मग स्क्रू आवळा. नाहीतर प्रत्येक सांध्यावर मशीन एक झटका देईल आणि तो तुमच्या जाळीवर दिसेल. सगळे तुकडे एकाच दुकानातून, एकाच वेळी घ्या.

गॅन्ट्री रुंद असेल तर दोन्ही बाजूंना ड्राइव्ह हवा. एकाच बाजूने ओढलंत तर ती तिरकी होते, जसं ड्रॉवर एका कोपऱ्याने ओढल्यावर अडकतं.

मग तुमच्यासाठी कोणता?

कामाप्रमाणे माझं उत्तर असं:

१. नेमप्लेट, किचेन, ॲक्रिलिक, एक-दीड फुटाचं टेबल: टी८ अँटी-बॅकलॅश नटसह. बजेट थोडं वाढत असेल तर १२०४ बॉल स्क्रू.

२. जाळी, मखर, देव्हारा, दोन बाय तीन फूट टेबल: एक्स आणि वायला १६०५ किंवा १६१०, झेडला १६०५ किंवा १२०४. नवीन माणसाला मी हाच साइज सुचवतो. २०१८ ला आपल्या राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून एमडीएफ-प्लायच्या मखरांना मागणी आहे, आणि बरीचशी मखरं सुट्या भागांची असल्याने या टेबलावर बसतात.

३. दारं, किचन शटर, आख्खी आठ बाय चार शीट: एक्स-वायला रॅक आणि रिडक्शन, झेडला बॉल स्क्रू.

४. फोम, स्टेन्सिल, लेझर: बेल्ट.

बघा, एका मशीनवर सगळीकडे एकच ड्राइव्ह असायला हवा असा काही नियम नाही.

पैशाचा हिशोब

आता माझ्या त्या ४० जाळ्यांकडे परत येऊ. एका जाळीत कापायची रेषा १४ मीटर, १२ मिमी जाडी तीन-तीन मिमीच्या चार फेऱ्यांत, म्हणजे एकूण ५६ मीटर.

थ्रेडेड रॉडवर, ६०० मिमी वेगाने: एक जाळी ९३ मिनिटं. ४० जाळ्या ६२ तास. दिवसाला आठ तास धरले तर आठ दिवस.

१६०५ बॉल स्क्रूवर, ३,००० मिमी वेगाने: १९ मिनिटं. वळणांवर वेग कमी होतो, बिट वर-खाली होतो, म्हणून २५ धरू. ४० जाळ्या १७ तासांत. दोन दिवस आणि वर एक तास.

समजा तुम्ही मशीनचा तासाचा दर २५० रुपये धरलात. वाचलेले ४५ तास म्हणजे ११,२५० रुपयांचा मशीन-वेळ, तोही एकाच ऑर्डरमध्ये. आता तुमच्या भागातल्या दुकानदाराकडून थ्रेडेड रॉड आणि बॉल स्क्रूच्या पूर्ण सेटचं कोटेशन घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा ऑनलाइन, कुठूनही. दोन्हीतला फरक किती ऑर्डरमध्ये फिटतो ते तुमच्या आकड्यांनी काढा. माझे आकडे वापरू नका, तुमचे वापरा.

उलट बाजूही सांगतो. हातात नेमप्लेटचीच कामं असतील तर आठ बाय चारचं रॅक मशीन बनवण्यासाठी कर्ज काढू नका. रिकामं उभं असलेलं मोठं मशीन हप्ता माफ करत नाही.

मशीन झाल्यावर ही चाचणी करा

डायल गेज घ्या, ०.०१ मिमी मोजणारा. विकत नको असेल तर ओळखीच्या टर्नरकडून एक दिवस मागून आणा.

१. गेज टेबलावर पक्का बसवा, त्याचं टोक गॅन्ट्रीला टेकवा.
२. गॅन्ट्री गेजच्या दिशेने १ मिमी सरकवा आणि गेज शून्यावर आणा.
३. अजून १ मिमी त्याच दिशेने.
४. आता १ मिमी उलट दिशेने.
५. काटा शून्यावर आला पाहिजे. जितका अलीकडे थांबला तितका तुमचा प्ले.

माझा स्वतःचा नियम असा: जाळी-मखराला ०.१ मिमीपर्यंत चालतो. अक्षर खाचेत घट्ट बसवायचं इन्ले काम असेल तर ०.०५ च्या आत हवा. जास्त आला तर लगेच स्क्रूला दोष देऊ नका. आधी कपलिंगचे स्क्रू, बीके ब्लॉकचा नट, नटचा ब्रॅकेट हे आवळून बघा. मग गॅन्ट्री हाताने ढकलून बघा. फ्रेमच वाकत असेल तर कुठलाही ड्राइव्ह तुम्हाला वाचवणार नाही.

काही सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश भरून काढायची सोय असते, ग्रबलमध्ये मुळात ती नाही. असली तरी तिच्या भरवशावर राहू नका. सॉफ्टवेअर मोटरला जास्त फिरवेल, पण बिटने गॅन्ट्री त्या फटीत ओढली तर ते काय करणार?

गृहपाठ

आज काहीही विकत घेऊ नका. फक्त कागदावर पाच ओळी लिहा:

१. पहिल्या सहा महिन्यांत मी नक्की कोणतं काम विकणार?
२. त्यातला सगळ्यात मोठा जॉब किती लांब-रुंद?
३. माझा स्पिंडल, बिट आणि मटेरियल धरून वेग किती लागतो?
४. तो वेग माझ्या निवडलेल्या ड्राइव्हवर मोटरच्या किती फेऱ्यांना येतो? ६०० च्या आसपास आहे का? स्क्रू असेल तर लांबीची मर्यादा ओलांडत नाही ना?
५. जोर किती मिळतो?

पाचही ओळी जुळल्या की मगच दुकानात जा. एखादी ओळ जुळत नसेल तर खोडरबर वापरा, खोडरबर स्वस्त असतो.

मी ही पाच ओळींची चिठ्ठी त्या गणपतीच्या आधी लिहिली असती तर एक चांगला ग्राहक आजही माझ्याकडे असता. तुमचा जाऊ नये, म्हणून एवढं लिहिलं.

पुढच्या भागात मोटर आणि ड्रायव्हर कसे निवडायचे ते बघू. तोपर्यंत वही जवळ ठेवा, आणि एमडीएफ कापताना तोंडाला मास्क लावा.

भेटू लवकरच!